थकव्याचा पुरावा

दमणुकीसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. माणूस दमतो, भागतो, शिणतो, थकतो, गळून जातो. शेतावरून आलेला गडी ‘दमलो’ म्हणतो तेव्हा त्याला तांब्याभर पाणी आणि घटकाभराची पथारी पुरते. प्रवासाचा शीण एका झोपेत उतरतो. म्हातारे माणूस ‘थकले’ असे आपण म्हणतो तेव्हा मात्र हा थकवा आता उतरणीला लागायचा नाही हे बोलणारा आणि ऐकणारा दोघेही जाणून असतात. इतके बारकावे असलेल्या आपल्या भाषेतही एका आजाराला नेमका शब्द सापडत नाही. इंग्रजीत त्याला ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ म्हणतात. आपण त्यास ‘दीर्घ थकव्याचा विकार’ म्हणू. पण हा थकवा आपल्या ओळखीचा नव्हे हे आधीच सांगितलेले बरे. झोपेने तो जात नाही. उलट थोडे श्रम केले, कधी नुसता हिशेब केला किंवा पाहुण्यांशी तासभर बोलले, की दुसऱ्या दिवशी माणूस अंथरुणाला खिळतो.

या आजाराचे वैद्यकीय विवेचन करण्याचा माझा अधिकार नाही. मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी आहे आणि माझा प्रश्न निराळा आहे. जो आजार रक्ताच्या तपासणीत सापडत नाही, क्ष-किरणांच्या चित्रात दिसत नाही, तो एखाद्या सैनिकाला जडला आणि त्याने सरकारकडे भरपाई मागितली, तर सरकारने त्याच्यावर विश्वास कसा ठेवावा? आणि न ठेवल्यास त्याने दाद कोठे मागावी? अमेरिकेत या प्रश्नावर तीस वर्षांहून अधिक काळ कायदे, नियम आणि निकाल यांचा मोठा ढीग साचला आहे. तेथील अपील मंडळाचे निकाल अर्जदाराचे नाव काढून टाकून प्रसिद्ध केले जातात आणि कोणालाही वाचता येतात. त्यांतले बरेच मी वाचले. ते का वाचावेसे वाटले हेही सांगतो. आमचे गाव सातारा जिल्ह्यातले. तेथे घरटी एक माणूस पलटणीत गेलेला. सुटीत गावी गेलो की कोणी ना कोणी पेन्शनीचे कागद घेऊन येतो आणि ‘अरे, यात काय लिहिलंय ते जरा वाचून सांग’ म्हणतो. ‘हा आजार सैनिकी सेवेमुळे उद्भवलेला नाही व सेवेमुळे वाढलेलाही नाही’ या अर्थाची इंग्रजी ओळ मी ओट्यावर बसून वडीलधाऱ्या माणसांना वाचून दाखविली आहे. त्या एका ओळीमागे काय यंत्रणा असते याचे कुतूहल तेथूनच सुरू झाले.

लढाईवरून परतलेला शिपाई अकारण थकतो ही गोष्ट नवी नव्हे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात फिलाडेल्फियाच्या एका लष्करी रुग्णालयात जेकब डा कोस्टा नावाच्या डॉक्टरने धाप, छातीत धडधड आणि विलक्षण अशक्तपणा असलेले सुमारे तीनशे सैनिक तपासले आणि १८७१ साली त्यावर निबंध लिहिला. पहिल्या महायुद्धात इंग्लंडातील थॉमस लुईस यांनी अशाच रोग्यांच्या अवस्थेला ‘एफर्ट सिंड्रोम’ म्हटले. बोलीत ते ‘सोल्जर्स हार्ट’, म्हणजे शिपायाचे काळीज झाले. नावे बदलत गेली, शिपाई थकतच राहिला.

नागरी जीवनातही हा आजार मधून मधून डोके वर काढीत असे. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात २९२ कर्मचारी एका अनाकलनीय दुखण्याने आजारी पडले आणि रुग्णालय काही काळ बंद ठेवावे लागले. पंधरा वर्षांनी, १९७० साली, दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुनी टिपणे चाळून हा सामूहिक उन्मादाचा प्रकार होता असा निष्कर्ष काढला. आजारी पडलेल्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते, हा त्यांच्या युक्तिवादातील एक मुद्दा! स्त्री थकली असे म्हणाली तर तो उन्माद, हे तर्कशास्त्र आपल्यालाही परके नाही. पुढे १९८४-८५ मध्ये नेवाडा राज्यात टाहो सरोवराच्या काठी अशीच साथ आली आणि तिच्या चौकशीनंतर १९८८ साली ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ हे नाव रूढ झाले. रोग्यांना हे नाव मुळीच आवडले नाही. ‘आम्हीही थकतोच की’ असे म्हणण्याची मुभा त्याने प्रत्येकाला दिली. २०१५ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सर्व संशोधन तपासून हा खरा, शारीरिक आणि गंभीर आजार आहे असे स्पष्ट सांगितले. अमेरिकेत त्याचे रोगी ८ लाख ३६ हजार ते २५ लाख असावेत असा अंदाज दिला आणि नवे नावही सुचविले. ते नाव काही रूढ झाले नाही.

आता सैनिकांकडे वळू. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले. कुवेतमध्ये पोटापाण्यासाठी गेलेल्या एक लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी मायदेशी आणले गेले, त्यांत मराठी माणसेही होती. त्या दिवसांच्या आठवणी सांगणारे लोक अजून भेटतात. अमेरिकेने सुमारे सात लाख सैनिक त्या वाळवंटात उतरविले. १७ जानेवारी १९९१ रोजी हवाई हल्ले सुरू झाले आणि जमिनीवरची लढाई शंभर तासांत आटोपली. युद्ध छोटे, मृत्यू थोडे, विजय मोठा, असे त्याचे वर्णन झाले. पण घरी परतलेल्या सैनिकांपैकी हजारो लोक सांगू लागले की अंग दुखते, डोके धरते, आठवत नाही, पोट बिघडते आणि काही केले तरी थकवा जात नाही.

कारणे शोधण्यात वर्षे गेली. विषारी वायूपासून संरक्षण म्हणून सैनिकांना पायरिडोस्टिग्माइन ब्रोमाइड नावाच्या गोळ्या दिलेल्या होत्या. तंबूंवर आणि अंगावर कीटकनाशके फवारलेली होती. इराकने पेटविलेल्या सहाशेहून अधिक तेलविहिरी महिनोन् महिने धुमसत होत्या. मार्च १९९१ मध्ये अमेरिकन सैन्याने खमिसिया येथील इराकी दारूगोळ्याचे कोठार उडवून दिले, त्यात सरीन हा विषारी वायू भरलेले अग्निबाण होते. ही गोष्ट संरक्षण खात्याने मान्य केली ती १९९६ साली, म्हणजे पाच वर्षांनी. त्या धुराच्या टप्प्यात सुमारे एक लाख सैनिक आले असावेत असा नंतरचा हिशेब आहे. २००८ साली सरकारनेच नेमलेल्या संशोधन सल्लागार समितीने अहवाल दिला की आखाती युद्धाचा आजार खरा आहे, दर चार सैनिकांमागे एकाला तो आहे आणि त्या गोळ्या व कीटकनाशके यांच्याशी त्याचा कार्यकारणसंबंध दिसतो.

पण पोट २००८ पर्यंत थांबत नसते. भरपाईचा प्रश्न त्याच्या फार आधी उभा राहिला होता. अमेरिकन कायद्याप्रमाणे सैनिकाला अपंगत्वाची भरपाई हवी असेल तर तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: आज आजार आहे, सेवेत असताना काही घडले होते, आणि त्या दोहोंमध्ये दुवा आहे. पाय तुटलेल्याला हे सोपे. ज्याच्या आजाराचे कारण खुद्द डॉक्टरांनाच ठाऊक नाही त्याने हा दुवा कोठून आणायचा? म्हणून १९९४ साली काँग्रेसने एक धाडसी कायदा केला. आखातात सेवा केलेल्या सैनिकाला निदान न झालेला दीर्घकालीन आजार असेल, तर तो सेवेमुळेच झाला असे कायदा गृहीत धरील. दुवा सिद्ध करण्याची गरज नाही. अज्ञानाचा भार सैनिकाच्या डोक्यावरून काढून सरकारने आपल्या डोक्यावर घेतला. मला हा कायदा वाचताना फार बरे वाटले.

पुढचा भाग वाचेपर्यंत! कायद्यातील शब्द होते ‘निदान न झालेला आजार’. आता एखादा सैनिक चांगल्या डॉक्टरकडे गेला आणि त्या डॉक्टरने ‘तुम्हाला क्रॉनिक फटीग सिंड्रोम आहे’ असे लिहून दिले, तर काय झाले? निदान झाले. निदान झाले म्हणजे नव्या कायद्याचे गृहीतक लागू होईना. १९९८ साली माजी सैनिक खात्याच्या विधी सल्लागाराने हाच अर्थ कायम केला. डॉक्टरला आजाराचे कारण पूर्वीही माहीत नव्हते, आताही नव्हते. फक्त अज्ञानाला नाव मिळाले होते. आणि त्या नावापायी शेजारच्या खाटेवरील बिननावाच्या रोग्याला मिळणारी सवलत याची गेली. आपण साहित्याचे विद्यार्थी शब्दाच्या सामर्थ्याबद्दल निबंध लिहितो. एका शब्दाने कुटुंबाची महिन्याची मिळकत जाते याचे याहून रोकडे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

ही चूक दुरुस्त झाली ती २००१ सालच्या कायद्याने. १ मार्च २००२ पासून ‘वैद्यकशास्त्राला उलगडा न झालेले, अनेक लक्षणांचे दीर्घकालीन आजार’ असा नवा वर्ग निर्माण झाला आणि त्याची उदाहरणे म्हणून क्रॉनिक फटीग सिंड्रोम, फायब्रोमायाल्जिया आणि इरिटेबल बाउल सिंड्रोम ही तीन नावे कायद्यातच घातली गेली. मात्र आधी नाकारल्या गेलेल्यांना मागची बाकी मिळाली नाही. भरपाई नव्या कायद्याच्या तारखेच्या मागे जात नाही. आणखी एक गंमत. कायद्याच्या दृष्टीने आखाती युद्ध अद्याप संपलेलेच नाही. ते २ ऑगस्ट १९९० रोजी सुरू झाले आणि त्याची अखेरची तारीख कायद्याने ठरविलेली नाही. त्यामुळे २००३ नंतर इराकमध्ये गेलेला सैनिकही, १९९१ साली जो शाळेत होता तो, याच नियमाखाली येतो. उलट व्हिएतनाममध्ये लढलेल्या वृद्ध सैनिकाला हाच आजार असला तरी त्याच्यासाठी हे गृहीतक नाही. त्याने आपला दुवा स्वतः शोधायचा.

बरे, गृहीतक मिळाले म्हणजे भरपाई मिळाली काय? येथून खरी वाट सुरू होते. आजार आहे हे आधी ठरावे लागते आणि त्यासाठी खात्याच्या नियमावलीत स्वतःची व्याख्या आहे. थकवा नव्याने सुरू झालेला हवा आणि त्याने रोजचे व्यवहार निम्म्याहून खाली, निदान सहा महिने, आलेले हवेत. तशीच लक्षणे निर्माण करणारे इतर सर्व आजार तपासण्या करून बाजूला सारलेले हवेत. आणि दहा लक्षणांच्या यादीतील निदान सहा हवीत: अचानक सुरुवात, बारीक ताप, घशाची सूज, मानेतील वा काखेतील गाठी, स्नायूंचे दुखणे, श्रमानंतर चोवीस तास वा अधिक टिकणारा थकवा, डोकेदुखी, फिरती सांधेदुखी, स्मृती वा एकाग्रतेचा बिघाड आणि झोपेचा बिघाड. ‘घशाची सूज’ वाचून नवल वाटेल. पण ही यादी १९८८ च्या मूळ व्याख्येच्या वळणाची आहे आणि वैद्यकशास्त्र पुढे सरकले तरी नियम मागेच राहिला.

यातली सर्वांत अवघड अट दुसरी, इतर आजार वगळण्याची. लढाईवरून आलेल्या माणसाला एकच दुखणे असते थोडेच! त्याला वाईट स्वप्ने पडतात, झोपेत श्वास अडतो, मन उदास असते. तपासणारा डॉक्टर म्हणतो, ‘थकवा खरा आहे, पण तो झोपेच्या विकाराचा.’ दुसरा म्हणतो, ‘हा मनाच्या आजाराचा भाग.’ मी वाचलेल्या निकालांत हे दोन युक्तिवाद इतक्या वेळा आले की पुढेपुढे पान उलटण्याआधीच ते ओळखू येऊ लागले. शिवाय एकाच लक्षणासाठी दोनदा भरपाई देता येत नाही असा नियम आहे. तो गैर नाही, पण त्यामुळे थकवा एकदा मनाच्या खात्यावर लिहिला गेला की शरीराच्या खात्यावर तो पुन्हा मांडणे फार कठीण होते.

त्यानंतर टक्केवारी. या आजाराला १०, २०, ४०, ६० किंवा १०० टक्के अपंगत्व देता येते. ते मोजण्याचा गज पाहण्यासारखा आहे. लक्षणे जवळजवळ सतत असतील तर आजारापूर्वी माणूस जेवढे करीत असे त्याच्या किती हिस्सा आता करू शकतो हे पाहायचे: निम्म्याहून कमी असेल तर ६० टक्के, निम्मे ते पाऊण असेल तर ४०. आजार कमीजास्त होत असेल तर वर्षातून किती आठवडे माणूस पूर्णपणे निकामी होतो ते मोजायचे: सहा आठवडे वा अधिक असल्यास ६०, चार ते सहा असल्यास ४०, दोन ते चार असल्यास २०, एक ते दोन असल्यास १०. पण निकामी म्हणजे काय? अंथरुणावरची विश्रांती आणि त्याबरोबर डॉक्टरचे उपचार. घरात पडदे ओढून आठ दिवस पडून राहिलात, डॉक्टरकडे जाण्याइतकेही त्राण नव्हते म्हणून गेला नाहीत, तर ते आठ दिवस हिशेबात धरले जाणे कठीण. ज्याचे दुखणेच हे की उठवत नाही, त्याने उठून जाऊन ‘मला उठवत नाही’ असा दाखला आणायचा! हा खेळ पैशाच्या दृष्टीने लहान नाही. २०२४ च्या दराप्रमाणे एकट्या माणसाला १० टक्क्यांसाठी महिना सुमारे १७१ डॉलर मिळत, ६० टक्क्यांसाठी १,३६१ आणि १०० टक्क्यांसाठी ३,७३७.

आपण एक कल्पित सैनिक घेऊ. १९९१ साली वयाच्या एकविसाव्या वर्षी तो सौदी अरेबियाच्या वाळवंटात लष्करी ट्रक चालवीत होता. परत आल्यावर नोकऱ्या धरल्या, सोडल्या. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, २०२० साली, त्याने अर्ज केला. खात्याने तपासणीची तारीख दिली. त्या दिवशी त्याने दाढी केली, स्वच्छ सदरा घातला, चाळीस मैल गाडी हाकली आणि डॉक्टरांसमोर अर्धा तास नीट बोलला. ‘रोगी सावध व टापटीप’ अशी नोंद झाली. पुढचे तीन दिवस तो अंथरुणात होता ही नोंद कोठेच झाली नाही. थकवा झोपेच्या विकारामुळे असल्याचे कळवून अर्ज नामंजूर.

२०१७ साली संमत झालेल्या आणि १९ फेब्रुवारी २०१९ पासून लागू असलेल्या अपील-सुधारणा कायद्याने त्याच्यापुढे आता तीन दारे आहेत. नवा पुरावा जोडून पुन्हा अर्ज करावा; नवा पुरावा न देता वरच्या अधिकाऱ्याकडून फेरतपासणी मागावी; किंवा वॉशिंग्टनच्या अपील मंडळाकडे, जे १९३३ साली स्थापन झाले, थेट जावे. शेवटच्या दोहोंस निकालापासून एक वर्षाची मुदत. या एका वर्षाचे महत्त्व असे की वर्षाच्या आत पुढचे पाऊल टाकीत राहिले तर मूळ अर्जाची तारीख जिवंत राहते आणि जिंकल्यास त्या तारखेपासूनची थकबाकी मिळते. वर्ष चुकले की ती सगळी बाकी बुडाली. (थकणे आणि थकबाकी यांचे नाते आपल्या भाषेने किती आधी ओळखून ठेवले आहे!)

आमचा ट्रकवाला पहिल्या दाराने जातो. पुरावा म्हणून तो काय जोडील? येथे कायदा पुन्हा माणुसकीने वागतो. २००४ साली माजी सैनिकांच्या अपील न्यायालयाने सांगितले की आखाती युद्धाच्या निदान न झालेल्या आजारांच्या दाव्यात सामान्य माणूसही आजाराच्या दिसणाऱ्या खुणांविषयी साक्ष देऊ शकतो. २००६ साली त्याच्या वरच्या फेडरल सर्किट न्यायालयाने म्हटले की त्या काळचा डॉक्टरी कागद नाही एवढ्याच कारणावरून साक्ष खोटी ठरविता येणार नाही. तेव्हा त्याची बायको लिहिते: पूर्वी ते रविवारी मुलांना घेऊन मासे धरायला जात, आता आंघोळ करून आले की तासभर पडून राहतात, परवा भाजी आणायला गेले आणि गाडी कोठे लावली ते आठवेना म्हणून मला फोन केला. जुना सोबती लिहितो: वाळवंटात जाण्यापूर्वी हा पलटणीत सर्वांत पुढे धावत असे. अशी साधी, तपशिलाची, तारखांची पत्रे मी निकालांतून वाचली आहेत. ‘त्यांना फार त्रास होतो’ असे मोघम लिहिलेले पत्र न्यायाधीश बाजूला ठेवतो. आंघोळीनंतरचा तासभर मात्र त्याच्या लक्षात राहतो.

पुरावा दोन्ही बाजूंना सारखा पडला तर? अमेरिकन कायदा म्हणतो, कौल सैनिकाला. १९९० साली न्यायालयाने हे समजावताना बेसबॉलचा दाखला दिला. आपण क्रिकेटचा देऊ. संशय असेल तर फलंदाज नाबाद. तत्त्व उत्तम आहे. व्यवहार काय होता? २०१७ साली अमेरिकेच्या सरकारी लेखातपासणी कार्यालयाने दाखवून दिले की २०१५ या आर्थिक वर्षात आखाती युद्धाच्या आजारांचे जेमतेम १७ टक्के दावे मंजूर झाले. इतर दाव्यांच्या मानाने हे प्रमाण सुमारे एक तृतीयांश. निकालाला वेळही सरासरीने चार महिने जास्त लागे. आणि हे आजार कसे तपासावेत याचा नव्वद मिनिटांचा एक अभ्यासक्रम खात्याने तयार केला होता, तो दहापैकी नऊ तपासनीसांनी पुरा केलेला नव्हता. तो ऐच्छिक होता! आपल्या परीक्षेतील ऐच्छिक प्रश्नांचे जे होते तेच त्याचे झाले.

समजा, मंडळाने त्याचा आजार सेवेशी जोडला, पण टक्के दिले वीस. आता दुसरी लढाई टक्क्यांची. मंडळाच्या निकालावर १२० दिवसांत माजी सैनिकांच्या अपील न्यायालयात जाता येते. हे न्यायालयच १९८८ च्या कायद्याने अस्तित्वात आले. त्यापूर्वी भरपाईबाबत खात्याने ‘नाही’ म्हटले की देशातील कोणत्याही न्यायालयात त्याविरुद्ध दाद नव्हती. वकील करावा तर १८६४ सालापासून त्याची फी दहा डॉलरांवर गोठविलेली. वकिलांनी सैनिकांना लुबाडू नये हा मूळ हेतू; शतकाने परिणाम असा झाला की सैनिकाला वकीलच मिळेना. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा घटनेला धरून आहे असेही सांगितले. तीनच वर्षांनी ती काँग्रेसने उठविली. डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स, अमेरिकन लीजन यांसारख्या संघटना आजही असे दावे विनामूल्य चालवितात.

मुदतीचा प्रश्न या आजारात विशेष बोचरा आहे. ज्याला कागद वाचताना डोके जड होते, तारीख आठवत नाही, त्यालाच एकशेवीस दिवस मोजायला लावायचे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका मनोरुग्ण सैनिकाचे प्रकरण आले. त्याला अपील करण्यास पंधरा दिवस उशीर झाला होता आणि खालच्या न्यायालयांनी त्याला दारातूनच परत पाठविले होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही मुदत इतकी पोलादी नाही. पण पोलादी नाही याचा अर्थ दर वेळी सवलत मिळेल असा नव्हे. आणि न्यायालयात जिंकणे म्हणजे तरी काय? बहुधा ते स्वतः टक्के वाढवून देत नाही. मंडळाने पुरेशी कारणे दिली नाहीत, बायकोच्या पत्राचा विचार केला नाही, असे सांगून ते प्रकरण पुन्हा मंडळाकडे पाठविते. मंडळ नव्या तपासणीसाठी ते खाली धाडते. नवी तपासणी, नवा सदरा, पुन्हा चाळीस मैल. घाण्याच्या बैलाप्रमाणे फाईल फिरत राहते. माझे मत असे की अमेरिकन व्यवस्थेचे खरे वैगुण्य दुष्टपणात नाही, या फिरण्यात आहे. निरोगी माणूस असे दहा फेरे मारील. थकवा हेच ज्याचे दुखणे, त्याला थकविणारी पद्धत हाच त्याच्याविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा होऊन बसतो, कारण मध्येच त्याने नाद सोडला तर ‘पाठपुरावा केला नाही’ अशी नोंद होते.

आपल्याकडे या आजारावरचे असे निकाल माझ्या वाचनात आलेले नाहीत. पण मूळ प्रश्न तोच आहे. २०१३ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अपस्माराच्या विकारामुळे सेवेतून काढलेल्या एका शिपायाच्या खटल्यात महत्त्वाचा निर्णय दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत असतानाच उद्भवला असे गृहीत धरावे आणि तसे नाही हे दाखविण्याचा भार सरकारवर आहे. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा २००७ चा कायदा झाल्यापासून मुंबईतही त्याचे पीठ आहे. आमच्या गावातील बहुतेकांना ही दोन्ही माहिती नव्हती. गेल्या दिवाळीत ओट्यावर मी ती सांगितली तेव्हा एका आजोबांनी विचारले, ‘म्हणजे मला आधीपासून होतं हे त्यांनी दाखवायचं, मी नाही?’ मी होय म्हटल्यावर त्यांनी तो कागद पुन्हा एकदा वाचून घेतला.

अमेरिकेत १० ऑगस्ट २०२२ रोजी ‘पॅक्ट’ नावाचा मोठा कायदा झाला. आखाती युद्धाचे आजार अमुक तारखेच्या आत आणि निदान दहा टक्के प्रमाणात दिसले पाहिजेत ही जुनी अट त्याने काढून टाकली. अफगाणिस्तान, इजिप्त, इस्रायल, जॉर्डन, सीरिया व तुर्कस्तान येथे सेवा केलेल्यांनाही गृहीतकात घेतले. तपासनीसांच्या प्रशिक्षणाचीही तरतूद केली. पूर्वी नाकारलेल्यांना नव्याने अर्ज करता येतो, मात्र तो त्यांनी स्वतः करावा लागतो. जुनी फाईल आपोआप उघडत नाही. दहा लक्षणांची यादी आणि अंथरुणावरच्या आठवड्यांचा हिशेब नियमावलीत अजून आहे तसाच आहे.